डॉल्बीसमोर बसून काढलेली माणसं: जुलै ते डिसेंबरच्या नोंदी

१३ जुलै २०२५, रविवार

ठरलं. डिसेंबरात शहराबाहेरच्या एका लॉनवर तिकीट लावून डीजे नाइट आहे. तिथं स्टेजच्या कडेला उभं राहून चार फूट बाय तीन फुटांचा कॅनव्हास लोकांदेखत पुरा करायचा. मानधन ६,००० रुपये, त्यातले २,००० आधी. आयोजकांनी पुण्या-गोव्याच्या फेस्टिव्हलच्या रील्समध्ये 'लाइव्ह पेंटिंग' बघितलंय, म्हणून त्यांना ते हवंय. मी लगेच हो म्हणालो. घरी आल्यावर लक्षात आलं की आजवर एकही नाचणारा माणूस आपण जागेवर बसून काढलेला नाही.

दिवसभर मी फ्लेक्सचं डिझाइन करतो. वाढदिवस, अभिनंदनीय निवड, भावपूर्ण श्रद्धांजली. कॉलेजात असताना सीबीएस स्टँडवर आणि लक्ष्मीपुरीच्या बाजारात बसून वह्याच्या वह्या भरल्यात, पण बाजारातली माणसं बसलेली असतात. जुने चित्रकार आबालाल रहिमान कोटीतीर्थ तळ्याच्या काठी बसून चित्रं करायचे, म्हणजे जागेवर काम करायची सवय कोल्हापूरला जुनीच. पण तळं नाचत नाही.

पाच महिने हातात आहेत. कुणाला पुढं असलंच काम करायचं झालं तर माझे पैसे आणि वेळ कुठं वाया गेले ते कळावं, म्हणून लिहून ठेवतोय.

२० जुलै, रविवार

आठवडाभर रोज रात्री तासभर व्हिडिओ लावून सराव. चित्र थांबवायचं, काढायचं, पुढं जायचं. चाळीसेक स्केचेस झाली आणि सगळी मेल्यासारखी ताठ. हात बरोबर, पाय बरोबर, मापं बरोबर, पण एकही माणूस नाचत नाही. एका पायावर तोल सांभाळत उभा असल्यासारखा दिसतो.

कारण नंतर उमगलं. व्हिडिओ थांबवला की दोन ठेक्यांच्या मधली कुठलीतरी अर्धवट अवस्था हाती लागते, आणि ती आपल्या डोळ्यानं कधी बघितलेलीच नसते. डोळा फक्त टोकं धरतो: हात वर गेला ते टोक, कंबर वळून थांबली ते टोक. मधलं सगळं वाहून जातं. मी नेमकं ते मधलंच काढत बसलो होतो.

सात दिवस गेले. आता व्हिडिओ न थांबवता काढायचं.

३ ऑगस्ट, रविवार

पेठेतल्या पथकाचा लेझीम-ढोलाचा सराव सुरू झालाय. संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसलो. पहिल्या अर्ध्या तासात वीस पानं फाडली. एका पोराचा हात काढायला घ्यावा तर तोवर तो पाठमोरा.

मग पेन्सिल ठेवली आणि नुसता बघत बसलो. लेझीम चार अंकांवर चालते. खाली, पुढं, खाली, वर. चौथ्या अंकाला चाळीस लेझीम एकदम डोक्यावर. म्हणजे ज्या पोराचा हात माझ्या हातून निसटला तो दोन-अडीच सेकंदांत तिथंच परत येणार आहे! त्याच्यामागं धावायची गरजच नाही.

यातून पद्धत सापडली. एक माणूस निवडायचा, एकच टोक निवडायचं. ते पहिल्यांदा आलं की फक्त पाठीच्या कण्याची रेघ. पुन्हा आलं की खांदे आणि कंबर, त्या दोन तिरक्या रेघा. तिसऱ्यांदा हात. चौथ्यांदा वजन कुठल्या पायावर आहे ते. मधल्या वेळात कागदाकडं बघायचंसुद्धा नाही, वाट बघायची. असं केल्यावर एक माणूस साधारण अर्ध्या मिनिटात उभा राहायला लागला.

एक धडा वेगळा घेतला. पाय आधी काढायचे नाहीत. पाय आधी काढला की माणूस तिथं खिळला जातो. कणा आधी काढला की पाय आपोआप कुठंतरी पडतात, आणि ते चुकीचे पडले तरी चालतं.

सराव संपल्यावर पोरं गोळा झाली. "काय पेंटर, मला काढला का?" एकानं चित्र हातात घेऊन नीट न्याहाळलं आणि विचारलं, "भावा, माझं नाक असलं हाय व्हय?" त्या चित्राला नाकच नव्हतं.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

आगमनाच्या मिरवणुकांत जलरंग घेऊन गेलो. शुद्ध मूर्खपणा. हवेत इतका दमटपणा की पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळेपर्यंत पूर्ण मंडळ पुढं निघून गेलं. त्यावर दुसरा वॉश टाकला, तो खालच्यात मिसळून चिखल. मग सर आली. पॅड शर्टाखाली धरला तर शर्ट निळा आणि पॅड ओला. वर भिजलेला गुलाल. हाताला लागला की कागदाला लागतोच, आणि तो गुलाबी डाग पुसायला गेलं की पसरतो.

४८० रुपयांचा जलरंगाचा पॅड संपला. हाती लागलं ते एकच: हलगी वाजवणाऱ्याचं बॉलपेननं पावतीच्या पाठीवर काढलेलं चित्र. ते बरं आहे. हलगीवाल्याचं डोकं हलगीकडं कललेलं असतं, कान लावून ऐकत असल्यासारखं. तो कल धरला की बाकी काही काढायची गरज उरत नाही.

पावसाळ्यात पाण्याचं माध्यम बंद.

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

वर्षातला सगळ्यात मोठा सराव, फुकटात. दुपारी मिरजकर तिकटीला थोडं काम केलं. सकाळी खासबागेतून मानाचा पहिला गणपती निघाला, त्याच्यामागं पारंपरिक वाद्यंच जास्त होती. तिथं पद्धत छान चालली: ढोल, झांज, लेझीम, सगळं ठेक्यात परत येतं. खरी परीक्षा संध्याकाळनंतर, डॉल्बी सुरू झाल्यावर. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, कोल्हापुरात कुठल्याही भिंतीएवढ्या स्पीकरला डॉल्बीच म्हणतात, त्यावर कंपनीचं नाव काहीही असो.

सातला पापाच्या तिकटीजवळ ओळखीच्या दुकानाच्या वरच्या गॅलरीत बसलो. वरून गर्दीची रचना उत्तम दिसते. माणूस मात्र दिसत नाही, डोकी आणि वर केलेले हात तेवढे दिसतात. तासाभरानं खाली उतरलो आणि एका डॉल्बीच्या बाजूला पंधरा फुटांवर उभा राहिलो.

तिथं एकामागून एक काय काय बिघडलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे बोर्ड थरथरतो. हार्डबोर्डवर क्लिप लावलेला कागद हातात धरला की सबचा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचा, दणका थेट मनगटात येतो. रेघ करवतीच्या दात्यांसारखी. बोर्ड पोटाला टेकवला तर आणखी वाईट, कारण पोटच थरथरत असतं. बाबांची आठवण झाली. बाबा बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, नंबरप्लेटा, ट्रकची नावं. फ्लेक्स आले तसं त्यांचं काम थांबलं, आणि आता मी फ्लेक्सच करतो, यावर आमच्या घरी फार बोलणं होत नाही. पाटी रंगवताना ते डाव्या हातात एक काठी धरायचे, टोकाला चिंध्यांचा गोळा. गोळा पाटीवर टेकवायचा आणि काठीवर उजवा हात. कॅनव्हासवर काम करायचं तर ती काठी लागणार.

दुसरं, रंग. एलईडीच्या लाल उजेडात पांढरा कागदही लाल दिसतो, त्यामुळं लाल पेन्सिलीची रेघ दिसेचना. मी दाबून दाबून काढत गेलो. मग दिवे निळे झाले. निळ्या उजेडात केशरी काळा दिसतो. मला वाटलं हातात काळा खडू आहे, आणि मी आनंदानं सगळ्यांचे केस भरले.

तिसरं, स्ट्रोब, म्हणजे झपझप उघडझाप करणारा दिवा. हे मात्र उपयोगी पडलं. स्ट्रोबचा झटका बसला की क्षणभर सगळी गर्दी गोठलेली दिसते. त्याच क्षणी डोळे मिटले तर ती आकृती पापणीच्या आत सेकंदभर तशीच राहते. ती उतरवायची. चारपाच वेळा जमलं. पण दहा मिनिटांत डोकं ठणकायला लागतं. ज्यांना फिटचा त्रास आहे त्यांनी या भानगडीत पडूच नये. आणि लेझरचा झोत आपल्या उंचीवर फिरत असेल तर जागा सोडायची, चित्र गेलं तरी चालेल. थेट डोळ्यात गेला तर आतल्या पडद्याला इजा होते, आणि आपला धंदाच डोळ्याचा आहे.

एक माणूस लक्षात राहिला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, गुलालानं गुलाबी झालेली. तो उड्या मारत नव्हता. चपला काढून दोन्ही हातांत घेतल्या होत्या आणि जागच्या जागी नुसता खांद्यावर नाचत होता. डावा, उजवा, डावा, आणि चौथ्याला मान मागं. आजूबाजूला पाचशे पोरं उसळतायत आणि हा त्यात खांबासारखा. वीस मिनिटं तेच. त्याची सहा चित्रं झाली. दिवसभरातली तीच खरी.

बाराला आवाज बंद. चालत घरी. गंगावेशेच्या बाजूनं मंडळं इराणी खाणीकडं सरकतच होती, पण मला रिक्षाचा हॉर्नसुद्धा उशीत दाबल्यासारखा ऐकू येत होता.

७ सप्टेंबर, रविवार

कानात सकाळपर्यंत शिट्टी. दुपारी थांबली. हे गंमतीत घेऊ नका. कामाच्या जागेसाठी सुचवलेला एक हिशोब असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास चालतात, आणि त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पाव तास. मी स्पीकरशेजारी चार तास होतो. औषधाच्या दुकानातून फोमचे बोळे आणले, दहा जोड्या २४० रुपये. ते नीट पिळून आत सोडायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं, नुसते कानावर ठेवून उपयोग नाही.

उजेडात चित्रं बघितली. लाल दिव्यातली सहा पानं किंचाळल्यासारखी लालभडक. निळ्या दिव्यातल्या सगळ्या पोरांचे केस भगवे. आई म्हणाली, "हे कुठलं मंडळ?"

चपलावाल्याची सहा चित्रं भिंतीला लावली.

१४ सप्टेंबर, रविवार

काळा कागद. हे आधी का सुचलं नाही? रात्री माणूस अंधारातच असतो. उजेड लागतो तो फक्त खांद्याच्या कडेला, केसांवर, उचललेल्या हाताला, गालाच्या हाडाला. पांढऱ्या कागदावर मी तो सगळा अंधार भरत बसत होतो. काळ्यावर फक्त उजेड काढायचा. अर्ध्या मिनिटाचं काम पंधरा सेकंदांवर आलं.

माध्यमांची परीक्षा घरच्या गच्चीवर: पांढरा खडू हाताला लागून पुसला जातो, आणि तो पक्का करायचा फवारा, फिक्सेटिव्ह, मारला की पांढरा बुजतो, निम्मा उजेड जातो. ऑइल पेस्टल टिकतो पण चिकट राहतो, वरच्या कागदाच्या पाठीला जाऊन बसतो, मध्ये बटर पेपर घालावा लागतो. जेल पेन बारीक पडतं, आणि उभ्या बोर्डवर थोड्या वेळानं शाई यायची थांबते. पोस्का ॲक्रिलिक मार्कर चांगला, मिनिटभरात वाळतो, झाकतो. महाग आहे, सहा मार्कर १,१४० ला पडले. काळा ए-थ्री कागद तीस रुपयांना एक, पंचवीस घेतले.

रंग कुठला ते अंधारात बोटाला कळावं म्हणून मार्करना रबरबँड गुंडाळले. पांढऱ्याला एकही नाही, पिवळ्याला एक, गुलाबीला दोन, निळ्याला तीन. बाकीचे रंग घरी. चार रंगांत न मावणारं चित्र रात्री काढायचंच नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

दांडियाला गेलो. दांडिया म्हणजे आपल्या पद्धतीसाठी सोन्याची खाण. गोल फिरतो, जोडी बदलते, पण चाल तीच. एका जागी बसलं की तीच बाई दर फेरीला समोरून त्याच वळणावर जाते. आठ फेऱ्यांत आठ वेळा बघायला मिळते.

साडेनऊला एकजण समोर येऊन उभा राहिला. "कुणाचं चित्र काढतोयस?" मी दाखवलं. त्यानं पॅड हातातून घेतला आणि एकेक पान उलटलं. तिसऱ्या पानावर त्याची बहीण होती. चेहरा नव्हता, पण घागरा आणि वेणी ओळखू येत होती. त्याचा आवाज चढला, आणखी दोघं आले. मी काहीही वाद घातला नाही. ते पान फाडून त्याच्या हातात दिलं. तिनंच मागून येऊन ते घेतलं, बघितलं आणि पर्समध्ये ठेवलं. भाऊ गप्प. मीही गप्प, आणि तिथनं निघालो.

चूक माझीच होती. अंधारात कोपऱ्यात बसून, कागद छातीशी धरून, नाचणाऱ्या मुलींकडं टक लावून बघणारा माणूस कसा दिसतो? तसाच दिसतो. बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत एक पाटी करून दिली: "इथं चित्र काढणं चालू आहे. आपलं काढू नये असं वाटल्यास सांगा." पंधरा वर्षांत त्यांनी रंगवलेली पहिली पाटी. 'काढू'चा ऊकार बघण्यासारखा आहे.

आता नियम: बोर्ड लोकांना दिसेल असा ठेवायचा. चेहरा काढायचा नाही. कुणी बघायला आलं की थांबून दाखवायचं, वेळ गेला तरी.

१२ ऑक्टोबर, रविवार

उजेडासाठी गळ्यात अडकवायचा दिवा घेतला, ६५० रुपये. पहिल्याच दिवशी गच्चीवर लावून ओल्या ॲक्रिलिकवर काम केलं तर अर्ध्या तासात पाकोळ्यांनी कॅनव्हासच्या तुकड्यावर वस्ती केली. पाऊस नुकताच सरलाय, किडे भरपूर. उपाय: दिवा सर्वांत मंद ठेवायचा आणि फक्त रंगाच्या ताटलीवर सोडायचा, चित्रावर नाही. चित्राला स्टेजचा उजेड असतोच.

८ नोव्हेंबर, शनिवार

एका हॉलमध्ये छोटा कार्यक्रम, दीडशे माणसं. साउंडवाला मित्र आहे, त्यानं डीजेच्या मागं उभं राहू दिलं. आजवर मी नाचणाऱ्यांच्याच मागं होतो. डीजे कसा काढायचा याचा विचारच केला नव्हता.

डीजेचा अर्धा माणूस कन्सोलच्या मागं गेलेला. उरतो तो छातीवरचा भाग, आणि बराच वेळ तो काही करत नाही. मान खाली, बोटं नॉबवर. लोकांना वाटतं हा मेल बघतोय. मीही आधी तेच काढलं आणि चित्र एखाद्या हिशेबनीसाचं झालं.

खरं काम पुढच्या गाण्याची जोडणी करताना असतं. हेडफोनची एकच वाटी कानाला, ती डाव्या खांद्यानं दाबून धरलेली, म्हणून मान तिरकी. उजवा हात मिक्सरवर, डावा हात जॉगव्हीलवर, म्हणजे गाणं पुढंमागं सरकवायच्या चकतीवर, बोटाच्या टोकांनी, दुधावरची साय बघावी इतका हलका. एका कानात येणारं गाणं, दुसऱ्या कानात समोर चालू असलेलं. तो तिरका खांदा म्हणजे डीजे. तो मिनिटभर तरी टिकतो, म्हणजे नाचणाऱ्याच्या मानानं भरपूर वेळ.

मोजणीचं गणित साउंडवाल्यानं सांगितलं. हाउस या नाचाच्या संगीताची गाणी साधारण १२० ते १३० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या ठेक्यांवर, चालतात. १२८ धरलं तर ३२ ठेक्यांचा एक तुकडा बरोबर १५ सेकंदांचा होतो. गाण्यात जे बदलतं ते बहुतेक अशा आठ किंवा सोळा किंवा बत्तीसच्या टोकाला बदलतं. ठेका गेला, आवाज चढत चालला, म्हणजे पुढच्या टोकाला ड्रॉप, ठेका दणक्यात परत येणार. ड्रॉपला सगळे हात वर जाणार हे आधीच ठाऊक असतं. मग चढण सुरू झाली की नवं काही काढायला घ्यायचं नाही, मार्करचं झाकण उघडून तयार राहायचं. अर्धा तास नुसतं बोटांवर मोजत बसलो. शेवटी मोजायची गरज राहिली नाही.

उभं राहायची जागाही कळली. वरचे स्पीकर आवाज समोर फेकतात, त्यामुळं त्यांच्या रेषेच्या मागं आणि बाजूला कानाला पुष्कळ बरं असतं. सबचा दणका मात्र चोहीकडं जातो, त्यापासून सुटका नाही. इझलच्या, म्हणजे कॅनव्हास ठेवायच्या घोडीच्या, तिन्ही पायांखाली जुन्या रबरी चपलेचे तुकडे ठेवले. थरथर थांबली नाही, पण इझल चालत पुढं जायचं थांबलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

घरी रंगीत तालीम. पूर्ण आकाराचा कॅनव्हास न वापरता त्याच मापाच्या पुठ्ठ्यावर. चार तास लावले. दोन तासांत गर्दीतल्या साठेक माणसांपैकी अकरा झाली आणि मी थकलो. एकेक डोकं काढत बसलो तर पहाट होईल.

जुन्या पुस्तकात फ्रेंच चित्रकार लोत्रेकचं, पॅरिसच्या मुलाँ रूझ या नाचघरासाठीचं १८९१ चं पोस्टर बघितलं. मागची सगळी गर्दी म्हणजे एक सलग काळी पट्टी, वर टोप्यांची कड. बस. गर्दीपुढं नाचणारी, उजेडात. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी सुटलेलं कोडं मी परत घालत बसलो होतो.

म्हणजे गर्दी एक सलग काळा आकार, त्याला वरून हातांची कड. पुढं पाच माणसं. वर डीजे. एवढंच.

१३ डिसेंबर, शनिवार

साडेचारला टेम्पोनं पोचलो. आयोजकांनी 'चार ते अकरा' सांगितलं होतं. गेटवरच्या माणसानं सांगितलं की आवाज दहाला बंद म्हणजे बंद. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, अनंत चतुर्दशीसारखे सवलतीचे दिवस सोडले तर. हे मलाही माहीत असायला हवं होतं, मिरवणुकीत तर दरवर्षी बघतो. एक तास तिथंच उडाला.

लाइटवाल्याला चहा पाजला आणि विनंती केली: प्रत्येक रंग दहा सेकंद एकट्यानं लाव. माझ्या सगळ्या रंगांचे ठिपके एका पुठ्ठ्यावर काढून नेले होते. लाल, निळा, हिरवा, जांभळट, पांढरा, प्रत्येक उजेडात त्या पुठ्ठ्याचा फोटो घेतला. पाच मिनिटांचं काम. या सगळ्या नोंदींतलं एकच काही उचलायचं असेल तर हे उचला. कुठला ठिपका कुठल्या उजेडात गायब होतो ते रात्रभर समोर राहिलं.

सहापर्यंत दिवसाच्या उजेडात मागची सगळी बांधणी करून घेतली: ट्रस म्हणजे दिव्यांचा लोखंडी सांगाडा, स्पीकरचे मनोरे, कन्सोलचं टेबल, एलईडी वॉलचा चौकोन. माणसांच्या जागा मोकळ्या सोडल्या. हे न हलणारं सामान आधी उरकलं नसतं तर काहीच पुरं झालं नसतं, कारण साडेसातपर्यंत समोर माणसंच नव्हती. होते ते खुर्च्या मोजणारे. खरी गर्दी सव्वाआठला. म्हणजे सात तासांपैकी नाचणारी माणसं माझ्या वाट्याला पावणेदोन तास.

आठ-चाळीसला जनरेटर बसला. बारा मिनिटं काळोख. लोकांनी मोबाइलचे टॉर्च काढले आणि ओरडायला लागले. त्या साध्या पांढऱ्या उजेडात मी कॅनव्हास बघितला आणि हादरलो. डीजेचा चेहरा चक्क हिरवा होता. पुठ्ठा समोर असूनही घाईत चुकलो होतो. बारा मिनिटांत तो दुरुस्त केला. त्या रात्री आयोजकांचं नशीब फुटलं ते माझ्या उपयोगाला आलं.

नऊला मुख्य डीजे. डावखुरा! हेडफोन उजव्या खांद्याला. मी डाव्या खांद्याची जागा सोडून ठेवली होती. पांढऱ्यानं झाकून पुन्हा केलं, पंधरा मिनिटं गेली. मान मात्र एका फटक्यात आली. बाबांची काठी डाव्या हातात, हात तिच्यावर, आणि सबच्या प्रत्येक दणक्याला काठी कॅनव्हाससकट हलत असल्यामुळं रेघ सरळ. हे आधी लक्षात आलं नव्हतं: काठी थरथर थांबवत नाही, हात आणि कॅनव्हास एकत्र थरथरायला लावते.

नऊ-बावन्नला शेवटची मोठी चढण. ठेका गेला, मी ब्रश भरून घेतला, बत्तीस मोजले. हात वर गेले. त्याच ठोक्याला स्टेजवरच्या दोन मशिनींनी चंदेरी कपट्यांचा पाऊस पाडला. माझ्या ओल्या काळ्या गर्दीवर पंचवीस-तीस कपटे येऊन चिकटले. काढायला गेलो तर रंगासकट निघायला लागले. सोडून दिलं.

दहाला आवाज बंद. चित्र दहा-वीसला पुरं झालं, लोक गेटकडं निघाले असताना.

मध्येमध्ये काळ्या कागदावरची छोटी स्केचेसही केली. अकरा गेली, दोनशेला एक. नेटवर्क जाम होतं, तिघांनी दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले. पाठवले हे महत्त्वाचं.

१४ डिसेंबर, रविवार

खर्च: कॅनव्हास १,४००, ॲक्रिलिक १,८५०, मार्कर १,१४०, काळा कागद ७५०, दिवा ६५०, बोळे २४०, टेम्पो जाऊन-येऊन ९००, आणि भिजलेला पॅड ४८०. एकूण ७,४१०. जमा: स्केचेसचे २,२००, मानधन ६,०००. पाच महिन्यांत ७९० रुपये शिल्लक, तेही कागदावर. कारण ४,००० अजून यायचेत.

२१ डिसेंबर, रविवार

आयोजकांचा फोन. पैशांबद्दल नाही. कॅनव्हास कधी आणून देतोस असं विचारत होते. त्यांच्या समजुतीनं मानधनात चित्र आलं. माझ्या समजुतीनं मानधन म्हणजे तिथं उभं राहून काढण्याचं. दोघांपैकी कुणीही हे जुलैत लिहून घेतलं नव्हतं. आता ठरलंय की उरलेले ४,००० आणि वर ३,००० आले की चित्र त्यांचं. तोवर ते आमच्या माळ्यावर. पुढच्या कामाला आधी एक पान लिहून सही: वेळ किती, आवाज कधी बंद होणार, चित्र कुणाचं, छापायचा हक्क कुणाचा.

संध्याकाळी माळ्यावर गेलो तर बाबा ब्लेड घेऊन कॅनव्हाससमोर बसलेले. ते चंदेरी कपटे त्यांना घाण वाटले. "आरं, हे साफ नको का करायला?" मी म्हटलं, राहू दे, तिथं खरंच पडले होते. तोवर त्यांनी दोन सोलून काढले होते, आणि खालचा पांढरा कॅनव्हास उघडा पडला होता. उद्या काळा लावून ते दोन ठिपके भरतो.